आधी गुरगुर, मग चाक: मॉडेल रेल्वेतला आवाज

टेबलावरच्या रेल्वेत आवाज घातला की ती खरी वाटू लागते, हे अर्धंच खरं आहे. तासाभराने घरची माणसं त्या खोलीचं दार लावून घेतात, हे उरलेलं अर्धं. महागडा साउंड डिकोडर (इंजिनात बसणारं, मोटर आणि आवाज दोन्ही चालवणारं छोटं सर्किट), नामांकित कंपनीचं रेकॉर्डिंग, दोन-दोन स्पीकर, एवढं सगळं असूनही इंजिन खेळण्यासारखं वाटतं. याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक तर आवाज गरजेपेक्षा मोठा असतो, किंवा आवाज आणि चाकं यांचं आपसात जमत नाही. रेकॉर्डिंग किती अस्सल आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

मोठेपणाचं गणित आधी पाहू. एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात सगळं १:८७ असतं. लेआउटपासून, म्हणजे मांडलेल्या रेल्वेपासून, एक मीटरवर उभे राहिलात, तर प्रत्यक्षातल्या हिशेबाने तुम्ही रुळांपासून ८७ मीटरवर आहात. तीन मीटरवरच्या खुर्चीत बसलात, तर पाव किलोमीटरहून लांब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. डिकोडरमधलं रेकॉर्डिंग मात्र माइक इंजिनापासून काही पावलांवर धरून केलेलं असतं. म्हणजे डोळे सांगतात गाडी लांब आहे आणि कान सांगतात आपण तिच्या पायरीशी उभे आहोत. हा विसंवाद मेंदूला लगेच कळतो, माणसाला शब्दांत सांगता येत नाही एवढंच.

म्हणून पहिलं काम म्हणजे आवाज कमी करणं. कारखान्यातून येणारी पातळी दुकानाच्या काउंटरवर छाप पाडण्यासाठी ठेवलेली असते, असंच समजून चाला. डिकोडरमधल्या बदलता येणाऱ्या प्रत्येक सेटिंगला क्रमांक असतो, त्याला सीव्ही म्हणतात. ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड ५ डिकोडरमध्ये एकूण आवाज सीव्ही ६३ मध्ये असतो, ० ते १९२. साउंडट्रॅक्सच्या त्सुनामी-२ मध्ये तो सीव्ही १२८ मध्ये, ० ते २५५. कमाल आकड्याच्या एक तृतीयांशापासून सुरुवात करा. इंजिन हाताच्या अंतरावर स्पष्ट ऐकू यावं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं की नुसती चाहूल राहावी. मग भोंगा, घंटा, कॉम्प्रेसर यांचे वेगळे सीव्ही उघडून त्यांचं आपसातलं प्रमाण जुळवा. भोंगा इंजिनापेक्षा ठळक हवाच, पण त्याने दचकायला होऊ नये. पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या म्युझियममध्ये प्रेक्षकांसमोर प्रयोग होतो, तिथला हिशेब वेगळा. घरात दहा बाय बाराच्या खोलीत तो लावू नये.

आता आवाजाच्या पोताकडे येऊ. ध्वनी मापात लहान होत नाही, ही या छंदातली मूळ अडचण आहे. डब्ल्यूडीएम-२ घ्या. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून निघालेलं, मध्य रेल्वेच्या प्रवाशांच्या कानात बसलेलं इंजिन. त्यात अल्को या अमेरिकी कंपनीचं २५१ जातीचं, १६ सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक, २६०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन असतं. आयडलिंगला ते मिनिटाला ४०० फेरे घेतं. फोर-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला निम्मे सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ५३ ठोके. ५३ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेसहा मीटरच्या आसपास भरते. एवढी लहर हलवायला भरपूर हवा ढकलावी लागते, आणि आपल्याकडे जागा आहे ११ बाय १५ मिलिमीटरच्या स्पीकरची, ज्याला छंदवाले ‘शुगर क्यूब’ म्हणतात. मोबाइल फोनात असतो त्याच जातीचा हा स्पीकर. काहीशे हर्ट्झच्या खाली तो जवळपास गप्पच असतो.

तरीही आपल्याला ती गुरगुर थोडीफार ऐकू येते, याचं श्रेय कानाला. ५३ हर्ट्झचा मूळ सूर गायब असला, तरी त्याच्या पटीतले वरचे सूर हजर असले की मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. चांगल्या साउंड फाइलमध्ये हे वरचे सूर मुद्दाम ठळक केलेले असतात. म्हणूनच एखादी फाइल संगणकाच्या मोठ्या स्पीकरवर पातळ वाटते आणि इंजिनात भरली की भारदस्त. फाइल निवडताना ती नेहमी त्याच छोट्या स्पीकरवर ऐकून निवडावी.

स्पीकरपेक्षाही जास्त फरक त्याच्यामागच्या बंद डबीने पडतो. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो त्याच क्षणी मागून ओढतो. मागची लहर वळसा घालून पुढे आली की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, आणि खालचे सूर आधी जातात. डबीशिवाय लावलेला स्पीकर डासासारखा कुणकुणतो तो त्यामुळे. डबी एक मिलिमीटर जाडीच्या स्टायरीन शीटची करावी. स्पीकरच्या मापाची, पाच बाजूंनी बंद, आणि इंजिनात मावेल तेवढी खोल. खोली ६-८ मिलिमीटर मिळाली तरी पुष्कळ. तारा बाहेर काढायच्या भोकासकट सगळ्या फटी सिलिकॉन किंवा पांढऱ्या गोंदाने बुजवाव्यात. इथे फेव्हिक्विकच्या जातीचा झटपट गोंद वापरू नये. त्याची वाफ पडद्यावर बसते, गोंद केसासारख्या फटीतून आत शिरतो आणि पडदा जागच्या जागी चिकटतो. स्पीकर मेला हे कळतं ते सगळं बंद करून झाल्यावर.

सोल्डर करतानाही एक गंमत आहे. स्पीकरमधलं चुंबक सोल्डरिंग गनचं टोक स्वतःकडे खेचतं आणि नेमकं पडद्यावर नेऊन टेकवतं. स्पीकर चिकटपट्टीने टेबलाला बांधा, तारेला आधीच कथील लावून घ्या, आणि टोक दोन सेकंदांच्या वर टेकवू नका. दोन स्पीकर बसवणार असाल तर दोन गोष्टी तपासा. दोघांचे पडदे एकाच वेळी एकाच दिशेने हलायला हवेत. एकाच्या तारा उलट जोडल्या तर दोन स्पीकर मिळून एकापेक्षा कमी वाजतात. दुसरं, ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात. आजचे बहुतेक डिकोडर ४ ओहम सोसतात, जुने सगळे सोसतीलच असं नाही. जुन्या लोकसाउंड ३.५ ला तर १०० ओहमचा स्पीकर लागतो. त्याला ८ ओहमचा लावला की त्याचा ॲम्प्लिफायर जातो.

मग डब्ल्यूडीएम-२ चा आवाज आणायचा कुठून? तयार भारतीय फाइल हाती लागली नाही तरी अडत नाही. २५१ हे इंजिन अमेरिकेत अल्कोच्या सेंच्युरी मालिकेतही होतं. सी-४२४ किंवा सी-६३० साठी केलेल्या १६ सिलिंडरच्या फाइलमधली धडधड आपल्या कानाला ओळखीची लागते. डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या डिझेल इंजिनाला ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या ७१० इंजिनाची, म्हणजे एसडी७० मालिकेची फाइल चालते. ही दोन एकमेकांना बदली चालत नाहीत. ७१० टू-स्ट्रोक आहे, दर फेऱ्याला सोळाच्या सोळा सिलिंडर पेटतात, त्यामुळे पूर्ण वेगात, ९०४ फेऱ्यांवर, सेकंदाला २४० च्या आसपास ठोके पडतात. अल्को १००० फेऱ्यांवर जेमतेम १३३ ला पोचतं. एकाचा आवाज सलग गुंजारव, दुसऱ्याचा मोकळा, लंगडत चालल्यासारखा ठेका. ज्याने स्टेशनात उभं राहून दोन्ही ऐकलीत त्याला चूक लगेच समजते. भोंगा मात्र बदलावाच लागतो. अमेरिकी फाइलमधला पाच सुरांचा भोंगा कर्जतच्या यार्डात वाजला की सगळं मुसळ केरात.

इथपर्यंतचं सगळं जमलं, तरी सर्वांत मोठी चूक अजून शिल्लक असते. बहुतेक डिकोडर मूळ सेटिंगमध्ये वेग वाढला की इंजिनाचा आवाज वाढवतात, जणू ती मोटारगाडी आहे. डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन तसं नसतं. त्यात डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं, वीज चाकांजवळच्या मोटारींना जाते. डिझेल इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये दांडा किंवा गिअरची साखळी नाही. त्यामुळे आवाज वेगावर नव्हे, तर ड्रायव्हरने दिलेल्या नॉचवर (शक्तीच्या पायरीवर), म्हणजे ओझ्यावर ठरतो. भरलेली मालगाडी हलवताना गाडी चालण्याच्या वेगात सरकत असते आणि इंजिन चवथ्या-पाचव्या नॉचवर गर्जत असतं. एकदा गाडी लागली आणि उतार आला की ताशी ६० ला धावतानाही ते आयडलवर गुरगुरतं. कर्जत-लोणावळा घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटरला १ मीटर, आहे. तिथून खाली येणाऱ्या गाडीच्या डिझेल इंजिनातून पूर्ण नॉचचा आवाज आला, तर ते इंजिन चुकीच्या दिशेने जातंय असंच वाटेल.

उपाय दोन पायऱ्यांत आहे. पहिली पायरी जडत्व. सीव्ही ३ वेग घेण्याचा आणि सीव्ही ४ वेग सोडण्याचा काळ ठरवतो. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेच्या प्रमाणानुसार सीव्हीतला आकडा गुणिले ०.८९६ केलं की शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचे सेकंद मिळतात. ईएसयूमध्ये हा गुणक ०.२५ आहे, त्यामुळे एका कंपनीचे आकडे दुसरीच्या डिकोडरमध्ये उतरवू नका. मालगाडीला २५-३० सेकंद द्या, शंटिंगच्या इंजिनाला ८-१०. एवढं जडत्व आलं की डिकोडरला आधी नॉच चढवून मग गाडी हलवायला सवड मिळते. हीच ती जागा, जिथे बघणारा माणूस पुढे वाकतो: इंजिन आधी गुरगुरतं, धूर सोडल्यासारखं धापा टाकतं, आणि मग कुठे पहिलं चाक हलतं.

दुसरी पायरी म्हणजे नॉच हातात घेणं. लोकसाउंडमध्ये ‘ड्राइव्ह होल्ड’ नावाचं फंक्शन आहे. ते चालू केलं की मोटरचा वेग आहे तिथेच थांबतो आणि थ्रॉटल (हातातलं वेगाचं नियंत्रण) फक्त आवाज बदलतं. चढ लागला, ड्राइव्ह होल्ड चालू, थ्रॉटल वर: गाडी तेवढ्याच वेगात, इंजिन मात्र ओझ्याखाली. माथा आला की थ्रॉटल खाली, आवाज आयडलवर, गाडी आपली घरंगळते आहे. इतर कंपन्यांत हेच काम नॉच वर-खाली करणाऱ्या दोन बटणांनी होतं. हे हाताला बसायला चार-पाच संध्याकाळी लागतात, पण नवा डिकोडर घेण्याआधी एवढं जरूर करून पाहावं.

वाफेच्या इंजिनात ओझ्याबरोबर ठेक्याचंही गणित सांभाळावं लागतं. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा भक् करतं, कारण प्रत्येक सिलिंडर दोन्ही बाजूंनी काम करतो. डब्ल्यूपी इंजिनाची मोठी चाकं ५ फूट ७ इंचांची. परीघ साधारण ५.३५ मीटर, म्हणजे दर १.३४ मीटरला एक फुसकारा. १:८७ मध्ये तो दर १५ मिलिमीटरला यायला हवा. तपासायचं कसं? मोठ्या चाकावर खडूने खूण करा, इंजिन अगदी सावकाश चालवा, खूण खाली आली की मोजायला लागा. चार ऐकू आले की जमलं. पाच किंवा तीन येत असतील तर लोकसाउंडमध्ये सीव्ही ५७ आणि ५८ थोडे थोडे बदलत जा. ५७ पहिल्या पायरीवरचं अंतर ठरवतो, ५८ पुढच्या वेगातलं. तीन सिलिंडरच्या इंजिनाला मात्र फेऱ्याला सहा ठोके हवेत. ताशी ४० च्या पुढे डब्ल्यूपीचे ठोके सेकंदाला आठच्या वर जातात. तिथे कान मोजू शकत नाही, त्यामुळे सगळी मेहनत मंद वेगावर घ्यावी.

विजेच्या इंजिनांबद्दल थोडक्यात. त्यांचा आवाज मुख्यतः पंखे, कॉम्प्रेसर आणि कन्व्हर्टरचा. पँटोग्राफ वर जाणं, मग सर्किट ब्रेकरचा ठप्प आवाज, मग पंखे घुमायला लागणं, एवढा क्रम बरोबर आला की पुष्कळ झालं. इथे धावतानाच्या आवाजापेक्षा उभं असतानाचा आवाज जास्त काम करतो.

जोडणीत काय बिघडतं, ते आता. तारांचे रंग ठरलेले आहेत: लाल आणि काळी रुळांकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, निळी दिव्यांची सामाईक, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा. जुन्या इंजिनात मोटरचं एक टोक सांगाड्याला टेकलेलं असतं आणि सांगाडा रुळाची वीज वाहतो. तशा इंजिनात डिकोडर लावला की पहिल्याच क्षणी जळतो. आधी मल्टिमीटरने मोटरची दोन्ही टोकं चाकांपासून आणि सांगाड्यापासून पूर्ण सुटी आहेत याची खात्री करा. नंतर इंजिन थेट मुख्य लाइनवर न ठेवता प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सीव्ही वाचण्या-बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) ठेवा. तिथे करंट मुद्दाम कमी ठेवलेला असतो, चूक असली तरी डिकोडर वाचतो. साउंड डिकोडर सुरू होतानाच जास्त वीज ओढतात, म्हणून कधीकधी तिथे सीव्ही वाचले जात नाहीत. त्याचा अर्थ डिकोडर खराब, असा लगेच काढू नका. आकड्यांचा फारच गोंधळ झाला, तर बहुतेक डिकोडरमध्ये सीव्ही ८ ला ८ लिहिलं की सगळं मूळ स्थितीत येतं.

सगळ्यांत जास्त वैताग देणारी गोष्ट मात्र धुळीची. मोटर क्षणभराच्या खंडात फिरत राहते, पण आवाज तुटतो, आणि काही डिकोडर परत पहिल्यापासून इंजिन सुरू करण्याचा आवाज वाजवतात. धावती गाडी मध्येच सेल्फ मारते! भ्रमाचा भोपळा फुटायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात अधिक वेळा. शक्य असेल तिथे सगळ्या चाकांवरून वीज घ्या, आणि क्षणभराच्या खंडात वीज पुरवणारा ‘कीप अलाइव्ह’ कपॅसिटर डिकोडरला सोसतो तेवढाच जोडा.

आता इंजिनाबाहेरचा आवाज. प्लायवूडवर थेट खिळ्यांनी ठोकलेले रूळ म्हणजे ढोलकीच. गाडीची घरघर डिकोडरच्या आवाजावर मात करते आणि आपण आवाज आणखी वाढवतो. रुळांखाली तीन-चार मिलिमीटर कॉर्क द्या, चिकटवायला लवचीक राहणारा ॲक्रिलिक सीलंट वापरा, आणि रूळ बसल्यावर खिळे काढून घ्या. कडक सुकणाऱ्या गोंदात भिजवलेली खडी टाकली की घरघर परत येते, त्यामुळे तिथे हात आखडता ठेवा.

सांध्यांचा खडखडाट मात्र फुकट मिळतो. १३ मीटर लांबीचा रूळ १:८७ मध्ये १५ सेंटीमीटर होतो. रुळाच्या डोक्यावर दर १५ सेंटीमीटरला बारीक करवतीने नखभर खाच पाडली, की धातूची चाकं खरोखर टकटकतात. ताशी ६० म्हणजे मॉडेलवर सेकंदाला १९ सेंटीमीटर, तेव्हा दोन सांध्यांमध्ये पाऊण सेकंद जातो, अगदी खऱ्यासारखा. आपल्याकडे दोन्ही रुळांचे सांधे समोरासमोर असतात, अमेरिकेत एकाआड एक. खाचाही तशाच पाडा. आजच्या काळातला लेआउट असेल तर हे करूच नका, कारण वेल्ड केलेल्या लांब रुळांवर तो ठेका फक्त सांधेबदलाच्या जागीच ऐकू येतो.

स्टेशनाच्या वातावरणासाठी डीएफप्लेअर मिनी नावाचं छोटं मॉड्यूल पुरतं. ३.२ ते ५ व्होल्ट, मायक्रोएसडी कार्ड, ८ ओहम ३ वॉटचा स्पीकर लेआउटच्या खाली. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाकडून मॉड्यूलच्या आरएक्स (आदेश घेणाऱ्या) टोकाला येणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर सतत सूं-सूं ऐकू येतं. आणखी एक खोड: साध्या क्रमांकाच्या आदेशाने ते फाइल नावाने शोधत नाही, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी केल्या त्या क्रमाने वाजवतं. म्हणून कार्ड फॉरमॅट करून फाइल एकेक करून टाकाव्यात. खालच्या स्पीकरचा एक छुपा फायदा असा, की फार खालचे सूर कुठून येतात हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे यार्डातल्या डिझेलची जमीन हादरवणारी घरघर इथून दिली तरी ती इंजिनातूनच येतेय असं वाटतं.

फक्त चहावाल्याची हाक दर अर्ध्या मिनिटाला येऊ देऊ नका. गर्दीची एक फाइल सात मिनिटांची आणि पक्ष्यांची अकरा मिनिटांची घेतली, दोन वेगळ्या मॉड्यूलवर सोडली, तर तीच जुळणी सत्त्याहत्तर मिनिटांनीच परत येते. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ मात्र फिरत्या फाइलमध्ये ठेवू नका, बटणावर ठेवा. घोषणा झाली आणि गाडीच आली नाही, तर ते फारच खरं होतं.